नाताळच्या चाली

आजीच्या माहेरी, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला, म्हातारी माणसं 'घागरेवाल्या पलटणी'ची गोष्ट सांगायची. गोरे नगरवर चालून आले, त्यांतल्या पुढच्या शिपायांच्या अंगात विजारीच नव्हत्या, आणि काखेत कातड्याची मशक दाबून एक जण तिच्यातून लांबलचक सूर काढत होता. गोष्टीचा गाभा खरा आहे. ८ ऑगस्ट १८०३ रोजी नगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लागल्या, तेव्हा ७८ व्या हायलँडर पलटणीचे शिपाई आघाडीला होते. ही माणसं स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली. त्यांचा सेनापती आर्थर वेलस्ली जन्मानं डब्लिनचा. चार दिवसांनी, १२ ऑगस्टला, शिंद्यांच्या ताब्यातला भुईकोटही पडला. केल्टिक मुलखातली माणसं आमच्या जिल्ह्यात आली ती अशी, तोफांच्या धुरातून.

मला आयरिश संगीताचं वेड लागलं ते मात्र नाताळच्या गाण्यांमुळे. 'द चीफटन्स' या आयरिश मंडळींची १९९१ सालची 'द बेल्स ऑफ डब्लिन' ही ध्वनिमुद्रिका दर डिसेंबरात आमच्या घरी वाजते. त्यात कोपरानं भाता दाबून वाजवायचे इलियन पाइप्स आहेत, फिडल आहे, आणि बोधरान आहे. बोधरान म्हणजे लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणून आखूड काडीनं वाजवायचं वाद्य. आमच्या डफाचा हा सख्खा भाऊच. २६ डिसेंबरला आयर्लंडच्या गावांतून वेष बदललेली पोरं वाजत-गाजत दारोदार फिरतात, तो प्रकारही त्या ध्वनिमुद्रिकेत आहे. आजीला मी ते ऐकवलं. थोडा वेळ तिनं मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि म्हणाली, "ही आपल्यासारखीच माणसं दिसतात. ह्यांनी सायबाची चाल नाही घेतली."

या वाक्यामागे वडाळ्याचा सगळा इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. १८३५ मध्ये आलेले हेन्री बॅलंटाइन मराठी उत्तम शिकले आणि त्यांनी गीतं रचली. पण शब्द मराठी असले तरी वृत्तं आणि चाली इंग्रजी. देवळात उभं राहून माणसं ती गात. शेतात, जात्यावर, मोटेवर मात्र ती ओठांवर येत नसत. आजीच्या घरचे म्हणत, सायबाच्या चालीला टाळ धरता येत नाही. मग नगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाची वाट धरली. तीच आर्या, तीच साकी, तीच दिंडी, तोच मृदंग. आख्यान मात्र येशूच्या चरित्राचं. कीर्तनाला गावच्या पारावरचे वारकरीही येऊन बसू लागले. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या तालुक्यात ओवी-अभंगाला परकं कोण म्हणणार?

आणि मग आले टिळक. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यानंतरची त्यांची पुष्कळशी वर्षं नगरला गेली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मोकळेपणानं सांगत. त्यांनी रचलेली शंभराहून अधिक गीतं महाराष्ट्रातली ख्रिस्ती मंडळी आजही गाते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त नगरचं ते घर वाचताना मला नेहमी वाटतं, मराठी ख्रिस्ती गाण्याला आवाज मिळाला तो त्या घरात. मुक्कामाला बालकवी, दारात पाहुण्यांची रीघ, आणि मधूनच कुणीतरी अभंग म्हणतंय.

वडाळ्यातली नाताळची रात्र आजीनं मला इतक्यांदा सांगितली आहे की मला ती डोळ्यांपुढे दिसते. गॅसबत्ती, घोंगड्यांवर बसलेली बायामाणसं, ज्वारीच्या हुरड्याचा वास. तिचा थोरला भाऊ मृदंग घेऊन बसे. बुवा बेथलेहेमला सराईत जागा न मिळाल्याचा प्रसंग लावत, तेव्हा बायका पदरानं डोळे पुसत. दुष्काळात घरदार सोडून हिंडलेल्या घरांतल्या त्या बाया, त्यांना बिनआसऱ्याची रात्र कुणी समजावून सांगायला नको होती. मध्यरात्री जन्म झाला की रामनवमीला म्हणतात तसा पाळणा. मग टाळ घेऊन तरुण पोरं घरोघरी. प्रत्येक दारात एक पद, मूठभर शेंगा किंवा करंजी, आणि पुढचं दार.

नाताळची अशीच जुनी गाणी आयर्लंडमध्येही जपली गेली आहेत. तिथल्या वेक्सफर्ड परगण्यात किलमोर नावाचं गाव आहे. तिथं नाताळात सहा पुरुष देवळात उभे राहतात, तिघांचे दोन गट करतात आणि एकाआड एक कडवं म्हणतात. साथीला वाद्य नाही. ही गाणी १६८४ मध्ये बिशप ल्यूक वॉडिंग यांनी छापलेल्या छोट्या पुस्तकातून आणि १७२८ च्या सुमारास विल्यम डेव्हरो या पाद्र्यांनी केलेल्या संग्रहातून आलेली. शब्द कागदावर राहिले, चाली मात्र बापाकडून मुलाकडे आल्या, अडीचशेहून अधिक वर्षं.

आमच्याकडेही नेमकं असंच आहे. जुन्या गीतपुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या दुसऱ्या गाण्याचं नाव छापलेलं असतं. ते दुसरं गाणं ज्याला येतं त्यालाच चाल कळते. आजी गेली तेव्हा तिच्याबरोबर किती चाली गेल्या याचा हिशेब आमच्या घरात कुणाकडे नाही. आता नाताळात की-बोर्ड येतो, तयार ट्रॅक येतो, पोरं जोशात गातात, त्यांचा आनंद खरा आहे. पण पाळण्याची ती संथ चाल कीर्तनाबरोबरच मागे पडली.

जुन्या चाली अशा हरवू नयेत म्हणून बेलफास्टला जुलै १७९२ मध्ये आयर्लंडभरचे उरलेसुरले हार्पवादक गोळा केले होते. दहा जण आले, बरेचसे म्हातारे, काही आंधळे. डेनिस हेम्पसन नव्वदीच्याही पलीकडचा; वाढवलेल्या नखांनी तारा छेडायची जुनी रीत सांभाळणारा तेवढाच उरला होता. एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या पोराला ते सूर लिहून घ्यायला बसवलं. पुढे तो गावोगाव हिंडला आणि १७९६ मध्ये त्यानं पहिला संग्रह छापला. आज जगभर वाजणाऱ्या कितीतरी आयरिश धुना त्या एका पोराच्या वहीमुळे वाचल्या.

आपल्याकडेही ती वेळ अजून गेलेली नाही. वडाळा, शेवगाव, राहुरी, संगमनेर, भिंगार या भागांत ऐंशी-नव्वदीची माणसं अजून आहेत. त्यांना सांगळ्यांच्या आणि टिळकांच्या पदांच्या चाली येतात. तुमच्या घरात किंवा मंडळीत असं कुणी असेल तर या नाताळात त्यांच्यापुढे मोबाइल ठेवा आणि पाळणा म्हणायला सांगा. त्यांचं नाव, गाव आणि पद लिहून ठेवा. ताल धरायला घरातलं एखादं पोर शेजारी बसवा, कारण ती चाल त्यालाच पुढे न्यायची आहे.