पाणथळीतील सहजीवन

तळी, दलदली, खाजणे, नदीकाठची पूरमैदाने आणि बंधाऱ्यांच्या फुगवट्याखाली येणारी उथळ भूमी यांना पाणथळ म्हणतात. अशा भूमीत वास करणाऱ्या भिन्न जातींच्या जीवांमध्ये जो निकट आणि दीर्घकाळ टिकणारा संबंध जुळतो, त्यास सहजीवन ही संज्ञा आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी 1879 मध्ये ही संकल्पना शास्त्रीय परिभाषेत रूढ केली. उभयतांचे हित साधणारी सहोपकारिता, एकाचा लाभ होऊन दुसऱ्यास विशेष लाभ वा हानी न होणारी सहभोजिता आणि एकाच्या हानीवर दुसऱ्याचा निर्वाह चालणारी परजीविता, असे तिचे तीन प्रकार मानतात. पाणथळीच्या चिखलात प्राणवायू अत्यल्प असतो, नत्राचा क्षय सतत होत राहतो आणि पाण्याची पातळी ऋतुमानाप्रमाणे चढत-उतरत असते. म्हणून एकट्याच्या बळावर तग धरणे जेथे कठीण, तेथे परस्परांचा आश्रय हाच जगण्याचा मुख्य आधार ठरतो.

वनस्पती व सूक्ष्मजीव : भातखाचरांत आणि संथ पाण्यावर तरंगणाऱ्या अ‍ॅझोला या इवल्या नेच्याच्या पानांतील पोकळ्यांत नील-हरित शैवल वस्ती करते. ते हवेतील नत्र बांधून नेच्यास पुरविते आणि मोबदल्यात त्यास निवारा व अन्न मिळते. नेच्याच्या बीजाणूंबरोबर हे शैवल पुढच्या पिढीकडेही जात असल्यामुळे ही जोडी पिढ्यानुपिढ्या अभंग राहते. चीन व व्हिएतनाम येथील शेतकऱ्यांनी या नेच्याचा भातशेतीत हिरवळीचे खत म्हणून शतकानुशतके उपयोग केला आहे. पाणकणीस व लव्हाळे यांच्या देठांतील हवेच्या पोकळ्यांतून प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो आणि त्याचा काही अंश मुळांभोवतीच्या चिखलात पाझरतो. त्या अंशावर जगणारे जीवाणू मिथेन वायूचे ऑक्सिडीकरण करतात व चिखलातील विषारी द्रव्यांचा उपद्रव कमी करतात.

फुले व कीटक : कमळाचे फूल स्वतःची उष्णता निर्माण करते. रॉजर सेमूर व पॉल शुल्ट्झे-मोटेल यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, बाहेरचे तापमान 10 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले असतानाही फुलाच्या अंतर्भागाचे तापमान 30 अंशांच्या वर राहते. या उबेला व सुगंधाला आकृष्ट होऊन आलेले भुंगेरे रात्री मिटलेल्या फुलात मुक्काम करतात आणि फूल उमलल्यावर अंगावर परागकण घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातात. अशा रीतीने अतिथीला ऊब व अन्न आणि यजमानाला परागण प्राप्त होते.

पक्षी व जलचर : लांबलचक बोटांमुळे कमळपक्षी तरंगत्या पानांवरून लीलया चालतो व त्यांवरच घरटे करतो, पानांना त्याचा उपसर्ग होत नाही, म्हणून हा सहभोजितेचा नमुना होय. स्थलांतर करणारी बदके पाणवनस्पतींचे बी पोटातून, तसेच पायांना व पिसांना चिकटलेल्या चिखलातून दूरच्या तळ्यांपर्यंत पोहोचवितात. चिखलात किती बी दडलेले असते हे चार्ल्स डार्विन यांनी प्रयोगाने दाखविले : एका तळ्याकाठच्या, न्याहारीच्या पेल्यात मावेल इतक्या चिखलातून त्यांनी सहा महिन्यांत 537 रोपे उगवलेली मोजली. गोड्या पाण्यातील अनेक शिंपल्यांच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून परजीवी जीवन कंठतात व त्यांच्याबरोबर दूरवर पसरतात. पुढे प्रौढ झालेला शिंपला पाणी गाळून स्वच्छ करतो.

पशू, मनुष्य व पाणथळ : चरणाऱ्या म्हशीमागे गायबगळे चालतात, कारण तिच्या खुरांनी उठविलेले कीटक त्यांना अनायासे मिळतात. म्हशीच्या चरण्याचे महत्त्व मात्र एवढ्यापुरते मर्यादित नाही. भरतपूर संस्थानच्या अमदानीत बांध घालून शिकारीसाठी राखलेल्या, सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्राच्या केवलादेव घना या पाणथळीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर 1982 मध्ये तेथे गुरचराईस मनाई करण्यात आली. या हुकमाविरुद्ध झालेल्या संघर्षात प्राणहानीही झाली. पुढे पास्पॅलम जातीचे गवत बेसुमार माजून मोकळे पाणी व्यापू लागले, मासे व जलपक्षी यांना त्याची झळ पोहोचली आणि गवतास आवर घालण्याचे जे कार्य म्हशी निर्वेतन करीत होत्या, त्यासाठी वेगळी तजवीज करणे भाग पडले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून चराईचे हे उपकारक स्थान स्पष्ट झाले.

संरक्षण : पाणथळींच्या रक्षणासाठी 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधील रामसर येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, भारत 1982 मध्ये त्यात सामील झाला. निफाड तालुक्यातील, गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मधमेश्वर हे 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. नकाशावर हद्द आखून आणि एखाद्या देखण्या पक्ष्याला कायद्याचे कवच देऊन पाणथळ वाचत नाही. तिच्यातील शैवल, शिंपला, भुंगेरा, म्हैस आणि काठावरची रयत यांचे परस्परसंबंध अबाधित राखणे, हेच तिचे खरे संरक्षण होय.