मुरुमांचे वण आणि लेसर उपचार : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठीतील 'व्रण' आणि 'वण' हे दोन शब्द एकाच संस्कृत मुळातून आले असले तरी व्यवहारात त्यांचा अर्थ एक नाही. व्रण म्हणजे जखम. वण म्हणजे जखम भरून आल्यानंतर त्वचेवर मागे राहिलेली खूण. मुरुमे अथवा तारुण्यपिटिका हा बहुतेकांच्या वाट्याला येणारा आणि वयपरत्वे ओसरणारा विकार आहे. त्यांचे वण मात्र ओसरत नाहीत. सातारा जिल्ह्यातील कराडलगतच्या मलकापूर येथे १९८४ मध्ये कृष्णा समूहाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व २००५ मध्ये त्या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यासाठी पुणे वा मुंबई गाठण्याची आवश्यकता या परिसरात उरली नाही. ज्या लेसर उपचाराची विचारणा आज महाविद्यालयीन तरुण-तरुणी करतात, त्याच्या घडणीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. प्रखर किरण निर्माण करणे हा या इतिहासातील तुलनेने लवकर साध्य झालेला भाग होय. त्वचेचा किती अंश न दुखवता सोडावा, हे उमगण्यास त्यानंतर चार दशके लागली.

देवीचे वण

चेहऱ्यावरील वणांचा प्रश्न मुरुमांपासून सुरू झाला नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'मुखदूषिका' या नावाने तारुण्यपिटिकांचे वर्णन येते. सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या अशी उपमा तेथे योजली असून लोध्र, वेखंड आदींचे लेप सुचविले आहेत. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील माणसाच्या चेहऱ्यावरचा खड्डा म्हणजे प्रायः देवीचा वण असे. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिली यशस्वी लस मानली जाते. 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग पुढे घरोघरी रूढ झाला, तरी रोग हटण्यास पावणेदोनशे वर्षे जावी लागली. भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय आयोगाने मान्य केले. रोग कोठे व कधीपर्यंत होता हे ताडण्यासाठी मुलांच्या चेहऱ्यावरील वणांची पाहणी केली जात असे, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. येथे वण हा दस्तऐवज ठरला. फरारी माणसाच्या वर्णनात 'तोंडावर देवीचे वण' ही नोंद येई. तो वण जीव वाचल्याचीही खूण होता.

देवी गेल्यानंतरच्या पिढ्यांत गुळगुळीत चेहरा हा नियम झाला आणि खड्डे असलेला चेहरा अपवाद. मुरुमांचे वण पूर्वीही होतेच. पण ज्या समाजात वण सर्वत्र दिसत होते त्या समाजात ते वेगळे उठून दिसत नव्हते. लग्न जुळविण्याच्या व्यवहारात व पुढे छायाचित्रांच्या प्रसारामुळे या अपवादास जे मोल चुकवावे लागते, ते मुलांपेक्षा मुलींना अधिक चुकवावे लागते, हे वेगळे सांगावयास नको.

बारामती ते बेल प्रयोगशाळा

वण घासून सपाट करण्याचे प्रयत्न लेसरपूर्वीचे आहेत. बर्लिनचे क्रोमायर यांनी १९०५ च्या सुमारास दंतवैद्याच्या यंत्रावर फिरणारी उपकरणे त्वचा घासण्यासाठी वापरली. न्यूयॉर्कचे कर्टिन यांनी १९५३ मध्ये फिरत्या तारेच्या ब्रशाची पद्धती प्रसिद्ध केली. किती खोल घासले गेले हे मात्र सर्वस्वी हाताच्या अंदाजावर अवलंबून राही.

उत्तेजित उत्सर्जनाची कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडली आणि थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर चालवून दाखविला. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी काही वर्षांतच त्याचे त्वचेवरील परिणाम अभ्यासण्यास प्रारंभ केला. तथापि वणांच्या उपचारात ज्या लेसरने सर्वाधिक काम केले, त्याचा जनक नीरेच्या काठच्या तालुक्यातील आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामती येथे झाला. नीरा ओलांडली की फलटण, म्हणजे सातारा जिल्हा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले, १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत रुजू झाले आणि १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. वायूत नायट्रोजन व पुढे हेलियम मिसळल्याने त्याची शक्ती कैकपटीने वाढली. अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना १९९६ साली मिळाले. त्यांचे कुतूहल रेणूंच्या कंपनांविषयीचे होते. मुरुमांचा विचार त्यात कोठेही नव्हता.

या लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर आहे व ती पाण्यात तीव्रतेने शोषली जाते. त्वचेत पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने किरण पडताच वरचा पातळ थर वाफ होऊन जातो आणि खालच्या थराला उष्णता पोचून नवे कोलॅजन तयार होऊ लागते. पोलाद कापणारे आणि त्वचा सोलणारे यंत्र तत्त्वतः एकच आहे.

थर काढण्यापासून ठिपक्यांपर्यंत

आरंभीचे अखंड किरण आजूबाजूची त्वचाही भाजत. अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलेल्या सिद्धांताने ही अडचण समजावून दिली. लक्ष्य ठरलेला भाग निवण्यास जितका वेळ घेतो त्याहून कमी वेळात किरण थांबविला, तर शेजारचा भाग वाचतो, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून १९९० च्या दशकात सेकंदाच्या हजारांशाहून अल्पकाळ टिकणारे स्पंदित लेसर आले आणि संपूर्ण चेहऱ्याचा थर काढण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत पसरली. परिणाम ठळक होते, पण जखमही ठळक होती. त्वचा भरून येण्यास आठवडा-दोन आठवडे, लाली ओसरण्यास काही महिने, आणि काही रुग्णांत बऱ्याच काळानंतर उमटणारे पांढुरके चट्टे.

मॅनस्टाइन, अँडरसन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सुचविलेला मार्ग साधा वाटावा असा आहे. सर्व त्वचा न जाळता केसाच्या जाडीएवढे असंख्य सूक्ष्म स्तंभ तेवढे जाळावयाचे व मधली त्वचा अखंड ठेवावयाची. ही अखंड त्वचाच जखम भरून काढते. पुढील काही वर्षांत हे तत्त्व पटेल यांच्या लेसरला लागू झाले. तरीही सर्व वण त्यास सारखा प्रतिसाद देत नाहीत. लाटेसारख्या उथळ व उभ्या काठांच्या खड्ड्यांत बरीच सुधारणा होते. सुई टोचल्यासारखे अरुंद, खोल वण लेसरने फारसे भरत नाहीत व तेथे तीव्र आम्लाचा थेंब किंवा छोटी शस्त्रक्रिया अधिक उपयोगी पडते. सुधारणा होते, वण नाहीसे होत नाहीत. बैठका अनेक लागतात. मुरुमे चालू असतानाच लेसर वापरावा काय, यावर २००३ मध्ये लंडनच्या अभ्यासाने होकार दिला आणि २००४ मध्ये मिशिगनच्या अभ्यासाने तोच लाभ नाकारला. तेलग्रंथींनाच लक्ष्य करणाऱ्या १,७२६ नॅनोमीटरच्या लेसरला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

गहूवर्णी त्वचा

फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार पाडले ते मुळात गोऱ्या त्वचेस प्रकाशोपचाराची मात्रा ठरविण्यासाठी. तपकिरी व काळ्या वर्णासाठी पाचवा व सहावा प्रकार त्यात नंतर जोडला गेला. भारतीय त्वचा बहुतांशी चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडते. म्हणजे मापनपट्टीतसुद्धा तिचा निम्मा प्रवेश उशिराचा. अशा त्वचेवर कोणतीही जखम झाली की रंगद्रव्य वाढून काळा डाग पडण्याचा धोका अधिक असतो. वण घालविण्यास गेलेली मुलगी काळवंडलेला चेहरा घेऊन परत येणे ही म्हणूनच केवळ कल्पनेतील शक्यता नव्हे. कमी घनता, बैठकांमधील पुरेसे अंतर, आधी छोट्या भागावर चाचणी आणि उन्हापासून संरक्षण हे त्यावरचे उपाय होत. शेतात काम करणाऱ्यांना यातील शेवटचा पाळणे किती कठीण, हे कृष्णाकाठी सांगावे लागू नये.

रुग्णाच्या बोलण्यात डाग आणि वण यांची सरमिसळ होते. सपाट काळा डाग बहुधा महिन्यांत फिका होतो व त्यास लेसरची गरज क्वचितच पडते. त्यासाठी दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडयुक्त मलमे त्वचा पातळ करतात आणि मुरुमे वाढवितात. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास प्रतिबंध केला. तालुक्याच्या गावी लेसरपेक्षा या अधिसूचनेचे महत्त्व अधिक मानावे लागेल.

सहा महिन्यांचा नियम

तीव्र मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन हे औषध अमेरिकेत १९८२ मध्ये मान्य झाले. गर्भास घातक असल्याने ते देताना स्त्रियांच्या बाबतीत कठोर दक्षता घ्यावी लागते, पण वण टाळण्याचे ते आजही प्रमुख साधन आहे. १९८६ मध्ये या औषधासोबत त्वचा घासलेल्या सहा रुग्णांत जाड वण उठल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यावरून, व तशाच तुरळक नोंदींवरून, औषध थांबविल्यानंतर सहा महिने कोणतीही प्रक्रिया करू नये असा दंडक पाठ्यपुस्तकांत रुजला. मूठभर रुग्णांच्या आधारावर उभा राहिलेला हा दंडक तीन दशके टिकला. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या २००८ च्या मार्गदर्शक सूत्रांतही तो होता. २०१७ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी आणि भारतीय त्वचा-शल्यचिकित्सकांच्या संघटनेने स्वतंत्रपणे पुराव्यांची फेरतपासणी केली. ठिपक्यांच्या पद्धतीचे लेसर व अन्य बहुतेक प्रक्रियांसाठी एवढे थांबण्यास आधार नसल्याचे त्यातून पुढे आले. संपूर्ण थर काढणारा लेसर आणि यंत्राने चेहरा घासणे यांबाबत मात्र अमेरिकी तज्ज्ञांनी जुनी सावधगिरी कायम ठेवली आहे.