कॅमेरा कोणता घ्यावा : आर ५० की आर १०?

मोबाइलच्या पुढे जाऊन छायाचित्रणाचा छंद जोपासू इच्छिणाऱ्यांसमोर कॅननचे दोन मिररलेस कॅमेरे हमखास येतात. एक, मे २०२२ मध्ये जाहीर झालेला ‘ईओएस आर १०’ आणि दुसरा, फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झालेला, तुलनेने स्वस्त ‘ईओएस आर ५०’. या मालिकेत आकडा जितका लहान, तितकी श्रेणी वरची, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

छायाचित्राचा दर्जा सारखाच

दोन्ही कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा, २४.२ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि ‘डिजिक एक्स’ प्रोसेसर आहे. माणसे, प्राणी व वाहने ओळखून त्यांच्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय दोन्हींत आहे. बॅटरीही एकाच प्रकारची आहे. साहजिकच, एकाच लेन्सने टिपलेल्या दोन छायाचित्रांतील कोणते कोणत्या कॅमेऱ्याचे, हे सांगणे कठीण.

फरक हाताळणीत

बॅटरी व कार्डासह आर ५० चे वजन ३७५ ग्रॅम, तर आर १० चे ४२९ ग्रॅम भरते. आर १० वर दोन डायल आणि फोकसबिंदू हलविण्यासाठी जॉयस्टिक आहे. आर ५० वर एकच डायल असून बरीच कामे स्क्रीनला स्पर्श करून करावी लागतात. आर १० यांत्रिक शटरने सेकंदाला १५ छायाचित्रे टिपतो. आर ५० मध्ये पूर्ण यांत्रिक शटर नाही. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनने त्याचा वेग सेकंदाला १२ इतका आहे. कॅननचा जुना फ्लॅश आर १० वर थेट बसतो, आर ५० साठी मात्र वेगळा अॅडॉप्टर घ्यावा लागतो.

उरलेले पैसे लेन्ससाठी

हात हलल्याने येणारा धूसरपणा रोखणारी सेन्सर-स्थिरीकरणाची सोय दोन्हींत नाही. शिवाय सोबत मिळणाऱ्या १८-४५ मिमी लेन्सचे छिद्र ४५ मिमीवर एफ/६.३ पेक्षा मोठे होत नाही. संध्याकाळी घरात खेळणाऱ्या मुलाचे छायाचित्र बिघडते ते येथे. तुलनेने स्वस्त असलेली आरएफ ५० मिमी एफ/१.८ लेन्स त्याहून सुमारे बारा पट प्रकाश आत घेते आणि तेवढ्या प्रमाणात शटरचा वेग वाढविता येतो. अर्थात, या सेन्सरवर तिचा दृश्यकोन फुलफ्रेमवरील ८० मिमीइतका अरुंद होतो. त्यामुळे ती चेहऱ्यांसाठी उत्तम, पण लहान खोलीतील समूहचित्रासाठी अपुरी ठरते.

पक्षी किंवा मैदानी खेळ टिपायचे असल्यास आर १० वर जास्त खर्च करणे योग्य ठरेल. घर, प्रवास आणि सणसमारंभ एवढीच गरज असणाऱ्यांनी आर ५० घ्यावा आणि वाचलेली रक्कम दुसऱ्या लेन्ससाठी राखून ठेवावी. खरेदीपूर्वी दुकानात दोन्ही कॅमेरे हातात धरून पाहावेत. मोठ्या पंजाच्या व्यक्तीला आर ५० ची पकड तोकडी वाटू शकते.