सुदर्शन तडागाचा लेख आणि आमच्या धरणांचें दप्तर

गिरनारच्या शिलेवरील महाक्षत्रप रुद्रदामन् याचा लेख संस्कृत गद्याचा प्राचीन मासला म्हणून शिकविला जातो. आम्हीही पुष्कळ वर्षें तसाच शिकविला. वस्तुतः तो एका फुटलेल्या धरणाचा कागद आहे. वर्ष ७२ (म्हणजे शके ७२, इ. स. १५०), मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेस अतिवृष्टीनें व वादळानें सुदर्शन तडागाचा बांध फुटला. खिंडाराचें माप दिलें आहे: लांबी ४२० हात, रुंदी तितकीच, खोली ७५ हात. तडाग चंद्रगुप्त मौर्याच्या वेळीं पुष्यगुप्तानें करविला, अशोकाच्या वेळीं तुषास्फानें त्यास पाट काढिले, हेंही नमूद आहे. खिंडार पाहून अमात्यांनीं दुरुस्तीस विरोध केला, ही गोष्टसुद्धां झांकलेली नाहीं.

त्याच लेखांत रुद्रदामनाच्या प्रदेशांत अपरान्ताचें नांव येतें. म्हणजे शूर्पारक-कल्याणचा आमचाच मुलूख. येथें तानशाचें दगडी धरण १८९२ पासून उभें आहे. बारवीचें १९७२ चें. त्याची उंची मागाहून वाढविली. ज्या उल्हास नदीचें पाणी कल्याण-डोंबिवली पितें, तिलाच बारवी मिळते. भातशाच्या तलावांत पाणी सांठत असतां १९८३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत त्या भागांत भूकंपाचे धक्के बसले. या धरणांचें दप्तर आपल्यापैकीं कोणी पाहिलें आहे काय? मोडी वतनपत्राचा वास लागला तर आपण चार कोस चालत जातों!

गतवर्षीं डोंबिवलींत एका रद्दीवाल्याकडे आम्हांस हातानें आंखलेली एक वही मिळाली. तींत तारीख, तलावाची पातळी व बांधाखालून झिरपणाऱ्या पाण्याचें माप, असे तीन रकाने आहेत. नोंदणाऱ्याचें अक्षर उत्तम. मातीच्या धरणांतून थोडें पाणी झिरपावयाचेंच. परंतु पातळी तीच असतां झिरपा वाढला, किंवा पाणी गढूळ येऊं लागलें, तर बांध आंतून पोखरत आहे असें समजावें. हें मागील वर्षांचे आंकडे जवळ असल्यावांचून कळत नाहीं. तिवरें (ता. चिपळूण) येथील धरण २ जुलै १९१९ रोजीं नव्हे, तर २ जुलै २०१९ रोजीं, म्हणजे अगदीं आपल्या डोळ्यांदेखत, रात्रीं फुटलें, गळतीची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती, असें तेव्हां वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानें पावसाळ्यापूर्वीं व नंतर तपासणी आणि कायद्याच्या कक्षेंतील प्रत्येक धरणाची नोंदवही आवश्यक केली आहे. तत्पूर्वींच्या वह्यांस मात्र रद्दीचाच भाव.

आमच्या वहीचें वेष्टन फाटलेलें असल्यामुळें धरणाचें नांव गेलें आहे. पातळीचे आंकडे जुळवून तें ठरविण्याचें काम चालू आहे. अशी दुसरी वही कोणापाशीं असल्यास कृपा करून कळवावें.