रंगावरची काच

वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारींचे टप आणि बॉनेट कधी जवळून पाहिले आहेत का? पांढरट चट्टे दिसतात. कडेला नख लावले की सापाच्या कातीसारखा पारदर्शक पापुद्रा सुटून हातात येतो. लोक म्हणतात, "रंग गेला." पण रंग खाली तसाच असतो. गेलेली असते ती त्याच्यावरची काच! गॅरेजवाले तिला 'क्लिअर कोट' म्हणतात. घरच्या घरी हे पोपडे दुरुस्त करायला निघालेल्याने आधी या काचेचा इतिहास वाचावा, असे माझे (जुन्या मास्तराचे) मत आहे.

पहिल्या मोटारी म्हणजे बिनघोड्यांच्या बग्ग्याच, त्यामुळे रंगही बग्गीचाच. जवसाच्या तेलातला रंग, त्यावर व्हार्निशचे हात, आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत स्वस्थ बसायचे. एक गाडी रंगून बाहेर पडायला आठवडे लागत. हेन्री फोर्डला एवढा वेळ कुठला? त्याची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे, ती त्याला काळा आवडे म्हणून नव्हे. डांबरी जातीचा तो काळा रंग भट्टीत झटपट वाळे, टिके आणि स्वस्तही पडे.

मग १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारीवर ड्युपाँ कंपनीचा 'ड्युको' रंग आला. ही कंपनी मूळची बंदुकीची दारू करणारी. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून स्फोटक बनते, त्याच कुळातला हा रंग. आठवड्यांचे काम तासांवर आले. ते नाव आपल्याकडे असे रुजले की आजही कारागीर स्प्रेने मारलेल्या गुळगुळीत रंगाला 'ड्युको' म्हणतो, मग तो मोटारीवर असो की कपाटावर!

या रंगाचा एक गुण पुढे हरवला. त्यात रंग आणि चकाकी एकाच थरात होती. ऊन लागले की तो फिका पडे, पण कंपाउंड लावून फडक्याने घासले की वरची मेलेली साय निघे आणि खालून ताजा रंग हसत वर येई. पुढचे एनॅमल रंगही असेच होते. आमच्या पिढीने रविवारी सकाळी स्कूटरी घासल्या त्या याच भरवशावर. फडक्याला गाडीचा रंग लागे, ही कामाची पावती.

पण लोकांना चमचमणारे मेटॅलिक रंग हवे झाले. त्यांत ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते ऊन-पावसात उघडे टिकत नाहीत. म्हणून युरोपात १९७० च्या दशकात आणि अमेरिकेत १९८० च्या दशकात कामाची वाटणी झाली. खाली रंगाचा पातळ थर, वर चकाकीचा पारदर्शक थर. या वरच्या थराची जाडी साधारण ४०-५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कमी. अतिनील किरण शोषणारी द्रव्ये त्यात घातलेली असतात, पण ती हळूहळू खर्ची पडतात. मग ऊन खालपर्यंत पोचते, दोन थरांची पकड सुटते. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही गाड्यांवर प्रायमरचा मधला थरच गाळला गेला. ऊन आरपार गेले आणि क्लिअरसकट रंगच सोलून निघू लागला. प्रकरणे कोर्टापर्यंत गेली.

म्हणून सांगतो, पोपडे सुटल्यावर पॉलिश घासून उपयोग नाही. घासाल तेवढा कडेचा पापुद्रा आणखी उचलला जातो. सुटलेला भाग वॉटर पेपरने घासून, धरून राहिलेल्या थरापर्यंत उतरता करावा लागतो. रंग कापला गेला तर तो आधी मारायचा, मग क्लिअर. नुसता चट्ट्यापुरता मारलात तर नव्या-जुन्याच्या सांध्यावरून तो पुन्हा सुटण्याची भीती असते. त्यापेक्षा अख्खे बॉनेट करावे, म्हणजे सांधाच उरत नाही.

साध्या डब्यातला क्लिअर सोपा, पण पेट्रोलचा थेंब पडला तरी मऊ होतो. टिकतो तो हार्डनर मिसळलेला. मात्र त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचे तुषार श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर बिथरले की पुढे अगदी थोडेसेही सोसवत नाही. वास येतोय का, यावर भिस्त ठेवता येत नाही आणि धुळीचा साधा मास्क पुरत नाही. परदेशातले रंगारी बाहेरची ताजी हवा नळीने आत घेणारा मुखवटा चढवतात. बंद पार्किंगमध्ये, वर खिडकीत लहान मूल उभे असताना, हे काम करू नये.

आणि गाडी गॅरेजात दिलीत, तर स्प्रे गन घेतलेला मुलगा नाकाला काय बांधतो तेही एकदा पाहून या. बहुधा रुमाल असतो.