मोटारगाडीचा एकस्तरी रंगलेप

मोटारगाडीचा एकस्तरी रंगलेप : रंगछटा, चकाकी आणि हवामानापासून संरक्षण ही तिन्ही कार्ये मोटारगाडीच्या ज्या बाह्य लेपात एकाच रंगयुक्त थराकडून होतात, त्यास एकस्तरी रंगलेप म्हणतात. हा थर एकाच हाताने दिलेला असतो असे नाही. त्याचे अनेक हात दिलेले असू शकतात व त्याखाली अस्तरलेपही असतो. मात्र त्यावर रंगद्रव्यविरहित असा निराळा पारदर्शक लेप नसतो. जुन्या गाडीचा रंग पुन्हा उजळता येतो तो या रचनेमुळेच, आणि उजळताना तो कमी होत जातो तोही याच रचनेमुळे.

इतिहास : आरंभीच्या मोटारगाड्या घोड्याच्या बग्गीप्रमाणे तैलरंग व व्हार्निश यांचे थर हाताने देऊन रंगवीत. प्रत्येक थर वाळवून घासावा लागे व एका गाडीला काही आठवडे लागत. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी गाडीस १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळा रंग देत. अस्फाल्टयुक्त काळे एनॅमल स्वस्त व टिकाऊ असून भट्टीत लवकर सुके, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत नायट्रोसेल्युलोज या पदार्थाची उत्पादनक्षमता गरजेपेक्षा अधिक झाली. मूळच्या स्फोटकनिर्मात्या ड्यू पाँ कंपनीने व चार्ल्स केटरिंग यांच्या संशोधन विभागाने त्यापासून फवारून देता येणारे, जलद सुकणारे लॅकर सिद्ध केले. ‘ड्युको’ या नावाचे हे लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीच्या १९२४ सालच्या नमुन्यावर निळ्या रंगात प्रथम दिसले. रंगकामाचे आठवडे काही तासांवर आले व निरनिराळ्या रंगांच्या गाड्या सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आल्या. हे व्यापारी नाव महाराष्ट्रातील कार्यशाळांतही रुळले. फवारून दिलेल्या चकचकीत लेपास, मग तो लाकडी कपाटावर का असेना, ‘ड्युको’ म्हणण्याचा प्रघात पडला.

पुढे अल्किड रेझिनांवर आधारित एनॅमले, १९५० नंतरच्या दशकात ॲक्रिलिक लॅकर व त्यानंतर ॲक्रिलिक एनॅमले प्रचारात आली. दोन घटक मिसळून घट्ट होणारी पॉलियुरेथेन एनॅमले हा यापुढचा टप्पा होय. १९७० नंतर धातुकणयुक्त छटांवर पारदर्शक लेप देण्याची पद्धत वाढली व १९८० नंतरच्या दशकात ती बहुतेक गाड्यांवर रूढ झाली. एकरंगी व व्यापारी वाहनांवर एकस्तरी लेप त्यानंतरही वापरला गेला.

ऱ्हासाची कारणे : सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण व हवेतील ऑक्सिजन यांमुळे पृष्ठभागावरील बंधक रेझिनाचे विघटन होते. बंधक झिजल्यावर रंगद्रव्याचे कण उघडे पडतात, प्रकाश विखुरला जातो व पृष्ठभाग खडूसारखा दिसतो. पांढऱ्या रंगातील टिटॅनियम डाय-ऑक्साइड हे प्रकाशात स्वतःच या विघटनास चालना देते. तांबड्या रंगातील काही कार्बनी रंगद्रव्ये फिकट होऊन गाडी गुलाबी दिसू लागते.

ओळख : गाडी प्रथम स्वच्छ धुवावी, अन्यथा मळालाच रंग समजण्याचा संभव असतो. नंतर एखाद्या अदृश्य कोपऱ्यात सौम्य पॉलिश पांढऱ्या कापडाने घासावे. कापडावर गाडीचाच रंग उतरला, तर लेप बहुधा एकस्तरी असतो. गाडी पांढरी असल्यास काळे कापड घ्यावे. धातुकणयुक्त लेपाचा डाग करडा व पुसट येतो. म्हणून त्याबाबत केवळ या कसोटीवर विसंबू नये. ऱ्हासाचे स्वरूपही बोलके असते : एकस्तरी लेप सर्वत्र मंद होतो, तर पारदर्शक लेप पांढरट कडा धरून पापुद्र्यांनी सुटतो. एखादा भाग मागाहून रंगविलेला असू शकतो. त्यामुळे प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

लॅकर केवळ विद्रावक उडून सुकते. म्हणून थिनर लावल्यास ते पुन्हा विरघळते. एनॅमल रासायनिक विक्रियेने घट्ट होते. ते थिनरने सुरकुतते किंवा त्यावर परिणाम होत नाही. ही कसोटी लेपास हानिकारक असल्याने दर्शनी भागावर करीत नाहीत.

पुनरुज्जीवन : शुष्क लेपावर प्रथम तेलयुक्त, अपघर्षकविरहित पॉलिश चोळून काही तास राहू देतात. तेल सूक्ष्म भेगा व छिद्रे भरते, त्यामुळे रंग गडद दिसतो व पुढील घर्षण सौम्य होते. नष्ट झालेले बंधक मात्र त्याने परत येत नाही. त्यानंतर सर्वांत सौम्य अपघर्षकाने मृत थर काढून शेवटी मेण लावतात. कडा व उंचवटे यांवर लेप पातळ असल्याने तेथे यंत्र टाळून हातानेच काम करतात. धातुकणयुक्त एकस्तरी लेपात ॲल्युमिनियमचे कण उघडे पडून डाग येतात. लॅकरला खोलवर गेलेल्या भेगा घासून जात नाहीत. जुन्या पिवळ्या व नारिंगी रंगांत लेड क्रोमेट असण्याचा संभव असल्यामुळे सुके घासणे वर्ज्य करावे आणि मुखपट्टी व हातमोजे वापरावेत.

महत्त्व : संपूर्ण लेपाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते व प्रत्येक घासणीत तिचा काही अंश कायमचा जातो. मूळ लेप ही अशा रीतीने खर्च होणारी व पुन्हा न मिळणारी ठेव आहे. त्या काळची रंगछटा, फवाऱ्याची धाटणी व कारखान्यातील कामाची प्रत यांचा तो एकमेव प्रत्यक्ष पुरावा असतो. आंतरराष्ट्रीय प्राचीन वाहन महासंघाने २०१२-१३ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेतही ऐतिहासिक वाहनाचे मूळ द्रव्य शक्य तेवढे जतन करण्यावर भर दिला आहे. यामुळे नवा रंग देण्याआधी जुना कितपत वाचतो हे पाहणे आणि आरशासारख्या चकाकीच्या मोहाने तो अस्तरापर्यंत न झिजविणे, हे या कामातील मुख्य तत्त्व मानले जाते. थोडी मंद राहिलेली मूळ चकाकी ही नव्या लेपाच्या झगमगाटापेक्षा इतिहासदृष्ट्या अधिक मोलाची ठरते.