शर्यतीच्या मोटारीचें मोल

इ. स. १९९० च्या उन्हाळ्यांत लंडनच्या हायकोर्टापुढें एक चमत्कारिक दावा चालला. एका जुन्या बेंटले मोटारीचा सौदा एक कोटी पौंडांस ठरला होता. पुढें घेणाऱ्या कंपनीनें हात आखडता घेतला. तिचें म्हणणें असें कीं, ज्या मोटारीच्या नांवानें हे पैसे मागितले जात आहेत ती मोटार ही नव्हेच. मालकानें फिर्याद लावली. मोटार तर सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. मग ‘ती’ कोणती आणि ‘ही’ कोणती? प्रश्न कायद्याचा खरा, पण त्याहून अधिक तर्कशास्त्राचा होता.

ही मोटार ‘ओल्ड नंबर वन’ या नांवानें प्रसिद्ध आहे. डब्ल्यू. ओ. बेंटले यांनीं १९१९ सालीं स्थापिलेल्या कारखान्याची, ‘स्पीड सिक्स’ जातीची, साडेसहा लिटर एंजिनाची ही गाडी. फ्रान्समधील ल मां येथें अहोरात्र चोवीस तास चालणारी शर्यत तिनें १९२९ सालीं जिंकली आणि १९३० सालीं पुन्हां जिंकली. एकाच गाडीनें हा मान दोनदां मिळविल्याचा तो पहिलाच प्रसंग. दोन्ही वेळां चालकांत वुल्फ बार्नाटो होते. दक्षिण आफ्रिकेंतील हिऱ्यांच्या व्यापारावर गबर झालेल्या घराण्याचा हा वारस बेंटले कंपनीचा अध्यक्षच होता. त्यांचा जोडीदार पहिल्या वर्षीं टिम बर्किन, दुसऱ्या वर्षीं ग्लेन किडस्टन. एवढें यश मिळूनहि कंपनी तगली नाहीं. १९३१ सालीं ती बुडाली आणि रोल्स-रॉइसनें विकत घेतली.

गाडी मात्र धांवत राहिली. त्याच वर्षीं तिनें इंग्लंडांतील ब्रुकलँड्स येथील पांचशें मैलांची शर्यत जिंकली. पुढील वर्षीं तिच्यांत आठ लिटरांचें एंजिन बसविण्यांत आलें. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं त्याच शर्यतींत ती मार्गाच्या उंच कलत्या बांधावरून पलीकडे उडाली व तिचा चालक क्लाइव्ह डनफी जागींच ठार झाला. मोडलेली गाडी बार्नाटो यांनीं पुन्हां बांधवून घेतली, तीहि बंद टपाची, अगदीं निराळ्या रूपाची. पुढील मालकांच्या काळांत तिला पुन्हां उघड्या शर्यती गाडीचें रूप मिळालें.

शर्यतीची मोटार ही देव्हाऱ्यांतली मूर्ति नव्हे. जें झिजलें तें काढावें, जें अधिक वेगवान तें बसवावें, हाच तिचा धर्म. आणि शर्यत संपली कीं तिला कोणी विचारीत नसे. जुन्या पैठणीची जर जाळून चांदी तेवढी काढून घ्यावी, तशी तिची गत होई. इटलींतील फेरारी कारखान्याच्या ‘२५० जीटीओ’ या गाडीचेंच पहा. १९६२ ते १९६४ या काळांत अशा अवघ्या छत्तीस गाड्या झाल्या. अमेरिकेंत नव्या गाडीस सुमारें अठरा हजार डॉलर पडत. त्यांतली एक थोड्याच वर्षांत टेक्सासमधील एका शाळेस मोटारदुरुस्ती शिकविण्यासाठीं देऊन टाकण्यांत आली! पुढें १९७२ सालीं ती साडेसहा हजार डॉलरांस विकली गेली आणि नव्या मालकाच्या शेतांत कित्येक वर्षें उघड्यावर पडून राहिली. संख्या तेव्हांहि छत्तीसच होती. दुर्मिळपणानेंच किंमत वाढते असें म्हणणारांनीं या शाळेची आठवण ठेवावी.

मग भाव चढला कशानें? ज्यांनीं लहानपणीं या गाड्यांचीं चित्रें भिंतीवर डकविलीं होतीं, तीं मुलें मोठीं होऊन श्रीमंत झालीं. जपानांत पैशाचा पूर आला. ऑगस्ट १९८८ मध्यें एन्झो फेरारी वारले, आणि त्यांच्या हयातींत बनलेल्या गाड्यांवर उड्या पडल्या. त्या दशकाच्या अखेरीस जीटीओला एक कोटी डॉलरांवर भाव मिळूं लागला. ‘ओल्ड नंबर वन’चा सौदा ठरला तो या भरतीच्या शेवटीं, लगेच ओहोटी लागली.

न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें तज्ज्ञाची साक्ष झाली ती मालकाच्या छातींत धडकी भरविणारी होती. १९२९ च्या गाडीचें, ज्यांचा काळ ठरवितां येत नाहीं अशा किरकोळ जोडकामापलीकडे कांहीं उरलेलें नाहीं. १९३० च्या गाडीचे पेडलांचा दांडा, गिअरपेटीचें कवच आणि सुकाणूचा खांब एवढेच भाग शिल्लक. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि एंजिन हीं १९३२ च्या अपघाती गाडीचीं. धातूच्या वजनावर निकाल द्यावयाचा असता तर मालक हरलाच होता.

परंतु न्यायमूर्तींनीं धातु तोलला नाहीं. त्यांनीं इतिहास पाहिला. हिला ‘मूळची’ म्हणतां येणार नाहीं, हें त्यांनीं मान्य केलें. मात्र ही गाडी मध्येंच कोठें संपली आणि दुसरी सुरू झाली, असा क्षण दाखवितां येत नाहीं. प्रत्येक फेरबदल त्याच एका गाडीच्या चालत्या आयुष्यांत झाला आहे, आणि ‘ओल्ड नंबर वन’ या नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगांत नाहीं. सबब गाडी अस्सल आहे; खरेदीदारानें सौदा पुरा करावा.

आपल्याकडील माणसाला हा निर्णय परका वाटूं नये. गांवच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो, खांब बदलतात, कळस नवा चढतो. म्हणून देऊळ दुसरें झालें असें कोणी म्हणत नाहीं. तथापि जुने भाग मिळवून कोणीं शेजारींच दुसरें देऊळ उभारलें, तर त्याला तो मान मिळत नाहीं. धंदेवाईक लोकांना हें मर्म ठाऊक आहे. सांगाड्यावर व एंजिनावर ठोकलेले आंकडे कारखान्याच्या दप्तराशीं जुळतात काय, मधल्या मालकांची साखळी कोठें तुटते काय, अपघातानंतरच्या दुरुस्तीचे कागद आहेत काय, हें ते आधीं पाहतात. रंगाची चकाकी मागाहून. २०१८ सालीं अमेरिकेंतील माँटरे येथें एक जीटीओ चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरांस लिलावांत गेली, त्या वेळीं तिच्याबरोबर तिच्या शर्यतींची वंशावळहि विकली गेली.

कांहीं वेळां तर चकाकी हीच अडचण ठरते. फ्रान्सच्या पश्चिम भागांतील एका शेतवाडींत जुन्या मासिकांच्या ढिगाऱ्याखालीं एक फेरारी सांपडली. नट आलँ दलाँ एके काळीं तिचा मालक होता. फेब्रुवारी १९१५ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१५ च्या फेब्रुवारींत, ती पॅरिसच्या लिलावांत आली आणि सुमारें एक कोटी त्रेसष्ट लाख युरोंस गेली. लिलाव करणारांनीं तिच्यावरची धूळ पुसूं दिली नव्हती.